प्राचार्य कोणाचे देणे लागतो?

मराठीत शाळेच्या प्रमुखाला मुख्याध्यापक म्हणतात. आमच्या मध्यप्रदेशात सरकारी हायस्कूलच्या प्रमुखाला प्राचार्य म्हणण्याची रीत आहे. शब्द दोन असले तरी त्यांचा आशय एकच. एकात 'अध्यापक' आहे, दुसऱ्यात 'आचार्य'. ज्यांनी हे शब्द योजले त्यांनी 'शालाधिकारी', 'व्यवस्थापक' असे काही सुचवले नाही. शाळेचा प्रमुख हा शिकवणाऱ्यांतला पहिला, एवढेच त्यांनी सांगितले. पुढे पगारपत्रक, साठा नोंदवही, लोकसभेची मतदार यादी आणि जनगणना हे सारे त्याच शब्दाच्या पोटात शिरले, आणि आतला 'आचार्य' कोठे गेला हे कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आम्ही तर त्या यंत्रणेतच होतो.

प्राचार्य हा मूलतः शिक्षक आहे की शासनाने शाळेत बसवलेला आपला प्रतिनिधी आहे, असा प्रश्न आज मांडावासा वाटतो. वरवर पाहता हा प्रशासनाचा प्रश्न दिसतो; सेवानियमांचे पुस्तक उघडले की उत्तर मिळावे. पण तीसहून अधिक वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की हा प्रश्न नीतीचा आहे. माणूस ज्याच्या आज्ञेत असतो त्याचेच देणे लागतो, की ज्याच्यासाठी त्याला नेमले त्याचे? दोघांच्या मागण्या एकाच वेळी आल्या तर पहिला हक्क कोणाचा?

सरकारी हायस्कूलच्या प्राचार्याचा दिवस कसा जातो हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. नववीत आलेल्या मुलामुलींच्या सायकलींची पात्रता तपासायची. शिष्यवृत्तीची माहिती संगणकावर चढवायची. एखाद्याचे नाव आधारपत्रावर एक आणि दाखल-खारीज रजिस्टरात दुसरे असेल तर पालकांना बोलावून घ्यायचे. सी.एम. हेल्पलाइनच्या १८१ या क्रमांकावर कोणी तक्रार केली असेल तर ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावायचा, कारण तक्रार प्रलंबित राहिली की ती वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते. मंडळाच्या परीक्षेचे केंद्र शाळेत असेल तर फेब्रुवारी-मार्च त्यातच जातात. निवडणूक आली की खोल्या आणि शिक्षक दोन्ही द्यायचे. यातले एकही काम निरर्थक नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सायकल मिळाली नसती तर चार-पाच कोसांवरची कित्येक मुली आठवीनंतर घरीच राहिल्या असत्या. तेव्हा कारकुनी कामांची टवाळी करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. सायकलीवरून मुलगी शाळेपर्यंत आली. ती वर्गात बसल्यावर तिला काय मिळाले हे पाहणे कोणाचे काम? त्यासाठी कोणतेही प्रपत्र नाही, म्हणून त्याची विचारणा नाही, आणि विचारणा नाही म्हणून ते कोणाचेच काम नाही.

येथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही एका संभागीय कार्यालयात आस्थापना शाखा सांभाळत असताना एका तपासणी पथकाचा अहवाल आमच्या टेबलावर आला. पथक एका ग्रामीण हायस्कूलमध्ये गेले तेव्हा प्राचार्य कक्षात नव्हते. पथकाला पाऊण तास ताटकळावे लागले, आणि शिष्यवृत्तीची नोंदवही वेळेवर मिळाली नाही. आम्ही शिरस्त्याप्रमाणे कारण दाखवा नोटीस काढली. तीन दिवसांत उत्तर आले. प्राचार्यांनी लिहिले होते की त्या वेळी ते दहावीच्या वर्गात भूमितीचा तास घेत होते; गणिताच्या शिक्षकाचे पद बऱ्याच काळापासून रिक्त असल्याने तो विषय ते स्वतःच शिकवतात; पथक आल्याचे शिपायाने सांगितले, पण सिद्धता अर्ध्यावर सोडून उठणे त्यांना योग्य वाटले नाही. शेवटी पद भरण्याची विनंती होती. आम्ही त्या कागदावर 'उत्तर समाधानकारक नाही' असा शेरा मारून नस्ती वर पाठवली. एक वेतनवाढ रोखली गेली. नियमात आमची काहीही चूक नव्हती. तपासणीच्या वेळी अभिलेख उपलब्ध करून देणे हे प्राचार्याचे कर्तव्य होते, आणि भूमिती शिकवणे हे त्या पदाच्या कर्तव्यसूचीत आमच्या नजरेला कोठे दिसले नाही.

हे सांगण्यात पश्चात्तापाचे प्रदर्शन करण्याचा हेतू नाही. त्या माणसाने एका क्षणी दोन देण्यांपैकी एक निवडले आणि आम्ही दुसऱ्याच्या बाजूने निकाल दिला, एवढेच दाखवायचे आहे. आमचा निकाल बरोबर होता का, हा या लेखाचा विषय.

या विषयावर पाश्चात्त्यांनी बराच विचार केला आहे. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुलाच्या यशापयशावर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्याच्या घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला गेला. म्हणजे गरिबाच्या मुलाने शाळेकडून फार अपेक्षा करू नये, असेच झाले. या निराशेला उत्तर देऊ पाहणाऱ्यांत रोनाल्ड एडमंड्स हे एक होते. गरीब वस्त्यांतही मुले चांगली शिकतात अशा शाळा त्यांनी शोधल्या आणि १९७९ साली आपले निष्कर्ष मांडले. अशा शाळांत आढळणाऱ्या समान गोष्टींत एक होती, शिकवण्याकडे जातीने लक्ष देणारा प्रमुख. पुढे १९८५च्या सुमारास फिलिप हॅलिंजर यांनी अशा प्रमुखाचे काम मोजण्यासाठी एक प्रश्नावलीच तयार केली: शाळेचे उद्दिष्ट तो स्पष्ट करतो का, वर्गात जाऊन अध्यापन पाहतो का, अध्यापनाचा वेळ इतर कामांपासून राखतो का, शिक्षकांसमोर सहज दिसतो का. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षिक नियोजन संस्थेत २०१२ साली शालेय नेतृत्वासाठी वेगळे केंद्र उभे राहिले.

'नेतृत्व' हा शब्द मात्र आमच्या गळ्याखाली उतरत नाही. आमच्या भोपाळात चौकाचौकांतील फलकांवर इतके नेतृत्व टांगलेले असते की शाळेत तरी त्याच्यापासून सुटका असावी असे वाटते. शिवाय नेता पुढे चालतो. आम्हांला जो प्राचार्य अभिप्रेत आहे तो वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेला आहे.

आणि हे बाक शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दीड-दोन तासांत नर्मदा लागते. त्या काठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. आमच्याकडे माध्यमिक शाळा म्हणजे सहावी ते आठवी, हे महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात घ्यावे. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची आणि निष्कर्षापर्यंत यायचे, हे त्याचे सूत्र. १९७८ साली शासनाने हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांना लागू केला. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली, आणि २००२ साली शासनानेच तो बंद केला. बंद करणे योग्य होते की अयोग्य यावर आजही भोपाळात तावातावाने वाद होतो. त्यात येथे शिरत नाही.

आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यातील रचना. आसपासच्या माध्यमिक शाळांच्या गटासाठी एक उच्चतर माध्यमिक शाळा 'संगम केंद्र' ठरवलेली असे. तेथे दरमहा त्या शाळांचे विज्ञान शिक्षक जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर देता आले नाही, पुढचा पाठ कसा घ्यायचा, हे विषय. शिक्षक आपले अज्ञान चारचौघांत उघड करतो आणि त्याबद्दल त्याला नोटीस मिळत नाही, असा सरकारी इमारतीतील दुसरा प्रसंग आम्हांला आठवत नाही. याशिवाय अनुभवी मंडळी शाळांना भेट देत. या भेटीला त्यांनी नाव दिले होते 'अनुवर्तन'. निरीक्षण नव्हे. निरीक्षक दाराशी उभा राहून पाहतो. अनुवर्तन करणारा मागोमाग येतो, मुलांच्या टोळीत बसतो, भिंग हातात घेतो. आम्ही आयुष्यभर निरीक्षणे केली, म्हणून हा भेद आम्हांला चांगला कळतो. आमच्या निरीक्षण प्रपत्रात फळा आहे किंवा नाही असा रकाना होता. फळ्यावर काय लिहिले आहे यासाठी रकाना नव्हता.

या संगम केंद्राचे मूळ एका मराठी माणसापर्यंत जाते, हेही नोंदवले पाहिजे. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली होती: हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक व माध्यमिक शाळा यांनी एक कुटुंब म्हणून काम करावे, एकमेकांना शैक्षणिक आधार द्यावा. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत रमलेले जे. पी. नाईक. संकुलाच्या कल्पनेत हायस्कूलचा प्राचार्य हा केवळ आपल्या इमारतीचा धनी राहत नाही. भोवतालच्या लहान शाळांतील मूल कसे शिकते आहे याची काळजीही त्याच्याकडे येते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळा संकुल पुन्हा अवतरले आहे. मधल्या पन्नासाहून अधिक वर्षांत बहुतेक ठिकाणी संकुल म्हणजे माहिती गोळा करण्याचे आणि पगारपत्रके करण्याचे ठिकाण झाले. आमच्याकडे त्याला संकुल केंद्रच म्हणतात, आणि शिक्षक तेथे जातात ते बहुधा थकबाकीची चौकशी करायला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आम्ही शिक्षकांच्याच तोंडून ऐकला आहे. प्राचार्य इतिहासाचा, त्याने भौतिकशास्त्राच्या व्याख्यात्याला काय शिकवावे? आक्षेप वजनदार आहे, पण तो प्राचार्य शिक्षकाकडे पाहायला जातो असे धरून चालतो. तो मुलांकडे पाहायला गेला तर? तिसऱ्या बाकावरच्या मुलाने फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेतले की त्याला काही कळले, हे ओळखायला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. किंबहुना ज्याला तो विषय येत नाही त्याला ते अधिक लवकर कळते, कारण तो स्वतःच त्या मुलाच्या जागी बसलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वर्ग ही शिक्षकाची जागा. तेथे दुसऱ्याने डोकावणे म्हणजे अविश्वास. आम्ही या आक्षेपाचा आदर करतो. ज्या खात्यात वर्गात आलेला प्रत्येक पाहुणा काही ना काही शेरा लिहून गेला त्या खात्यात दार लावून घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. यावर आम्हांला एकच नैतिक मार्ग दिसतो. दुसऱ्याच्या वर्गात जाण्याचा अधिकार पदाने मिळत नाही. आपला वर्ग दुसऱ्यांना खुला केल्याने तो मिळतो. जो प्राचार्य आठवड्याला दोन-चार तास स्वतः शिकवतो, त्याला सहकाऱ्यांनी पाहावे म्हणून दार उघडे ठेवतो, आज आपला पाठ फसला असे मधल्या सुट्टीत चहा पिताना सांगतो, त्याच्या येण्याने शिक्षकाचा घसा कोरडा पडणार नाही.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा आरंभकाळ येथे आठवतो. सरकारी नोकरी सोडून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या साथीने १८८० साली ती शाळा काढली, हे सर्वांना माहीत आहे. त्या शाळेची शिस्त आणि अध्यापन घडवणारे वामन शिवराम आपटे मात्र कोशकार म्हणूनच लक्षात राहिले. ते शाळेचे प्रमुख होते, १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले, आणि १८९२ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. एवढ्या आयुष्यात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि १८९० साली मोठा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. संस्थाही चालवायची आणि विद्यार्थ्याला शब्द कोठे अडतो हेही पाहायचे, या दोन गोष्टी एका माणसात तेव्हा नांदू शकत होत्या. अर्थात आपट्यांना १८१ क्रमांकाची चिंता नव्हती, हेही खरे. आणि ती शाळा सरकारी नव्हती. उदाहरण तेवढ्याच मर्यादेत घ्यावे.

तिसरा आक्षेप आमचा आम्हीच घेतो, आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. सगळा भार प्राचार्याच्या डोक्यावर ठेवण्यात शासनाची सोय तर नाही ना? एक खंबीर माणूस आला की शाळा सुधारते, ही गोष्ट ऐकायला गोड आहे. तिच्या आडून रिक्त पदे, प्रभारी प्राचार्य, वर्षानुवर्षे मानधनावर राबणारे अतिथी शिक्षक, हे सारे झाकता येते. एकाच शिक्षक कक्षात एकाच कामाचे वेगवेगळे वेतन घेणारी माणसे शेजारी बसतात. त्यांना एका सूत्रात बांधण्याचे काम आपण नेतृत्व या एका शब्दावर सोपवतो. २०१९ साली आमच्या राज्यात दहावीचा निकाल फार कमी लागलेल्या शाळांतील शिक्षकांची परीक्षा घेण्यात आली आणि त्यात पुन्हा अनुत्तीर्ण झालेल्यांपैकी सोळा शिक्षकांना सक्तीने सेवानिवृत्त केले गेले. ज्याला विषय येत नाही त्याने शिकवू नये, हे मान्यच. पण त्या वर्गांत आधीच्या दहा वर्षांत कोण गेले होते, त्या शिक्षकाला येत नाही हे कोणाच्या लक्षात आले होते, आणि ज्यांच्या लक्षात यायला हवे होते त्यांना तेव्हा आमच्यासारख्यांनी कोणती माहिती भरायला बसवले होते, हे प्रश्न त्या आदेशात नव्हते.

कायद्याने याकडे थोडेफार पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले की शिक्षकांना निवडणुकीची कामे शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई केली. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीच्या उंबरठ्यावर त्याचे संरक्षण संपते, आणि हायस्कूलचा प्राचार्य तर शिकवतो असे कोणी धरतच नाही, मग त्याच्या अध्यापनाचा वेळ राखायचा कोणी?

२०२१ साली राज्याने सी.एम. राइज नावाने मोठ्या सुसज्ज शाळांची योजना आणली. भोपाळातही अशा शाळा झाल्या. २०२५ साली त्यांना सांदीपनि विद्यालये असे नाव मिळाले. नाव उत्तम आहे. उज्जैनच्या त्या आश्रमाचा प्रमुख कृष्णाला स्वतः शिकवत होता. दुसऱ्या कोणाकडून शिकवून घेऊन त्याचा मासिक अहवाल तो पाठवत नव्हता.

तर त्या नोटिशीचा निकाल. ज्याने आज्ञा मोडली त्याला शिक्षा झाली, ही एक बाजू. दुसरी अशी की प्राचार्याने अधिकारी आला म्हणून सिद्धता अर्ध्यावर सोडली असती, तर त्याने चाळीस मुलांना त्या दिवशी काय शिकवले असते? बाहेर कोणी मोठा माणूस आला की आत चाललेले काम थांबते, हेच. आणि त्यातली काही मुले पुढे आमच्यासारखीच कोठेतरी आस्थापना शाखेत जाऊन बसली असती. शासनाने त्याला नेमले, पगार शासनाने दिला, हे खरे. पण नेमले कशासाठी हे विचारले की उत्तर त्या वर्गातच येऊन थांबते. नेमणाऱ्याची आज्ञा नेमणुकीच्या हेतूलाच आडवी आली तर हेतू राखणारा आज्ञाभंग करत नाही, असे आज आम्ही म्हणू. तेव्हा मात्र असे म्हणण्याइतके आम्ही स्वतंत्र नव्हतो. किंवा होतो, पण तसा प्रयत्न केला नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका लग्नसमारंभात ते गृहस्थ भेटले. तेही निवृत्त झाले होते. त्यांनी आम्हांला ओळखले, 'साहेब' म्हणून नमस्कार केला, मुलाबाळांची चौकशी केली. नोटिशीचा विषय आम्हीच काढला. ते हसले आणि हिंदीत म्हणाले की त्यानंतर कधी अडचण आली नाही. त्यांनी वर्गावर जाणे बंद केले होते. साडेदहापासून साडेचारपर्यंत ते कक्षात बसत, आणि कोणतीही नोंदवही मागितली की दोन मिनिटांत काढून देत. आम्हांला मग आठवले की पुढची तीन वर्षे त्यांच्या गोपनीय प्रतिवेदनात 'अतिउत्तम' असा शेरा होता. ती प्रतिवेदने आमच्याच शाखेतून वर गेली होती.